ज्या रात्री कावड निघते

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कुणाला पत्ता विचारू नये. सांगणाऱ्याचं मन ठिकाणावर नसतं. आदल्या रविवारी दुपारपासूनच सगळ्या शहराची पावलं अकोट रोडकडे वळतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चिंचेनं घासून लख्ख केलेले भरणे, म्हणजे पाण्याच्या घागरी, त्यांच्यामध्ये दाटीवाटीनं बसलेले पोट्टे, कपाळाला अष्टगंध, खांद्यावर भगवा दुपट्टा. अकोट फैल ओलांडलं की घोषणांना जोर चढतो. गांधीग्राम सुमारे १८ किलोमीटर. तिथं पूर्णा नदीचं पाणी भरायचं, भरणे कावडीला बांधायचे आणि रात्रभर अनवाणी चालत सकाळी जुन्या शहरातल्या राजराजेश्वराला ते पाणी घालायचं. १९४४ साली पावसानं डोळे वटारले, तेव्हा काही लोकांनी पूर्णेचं पाणी खांद्यावर आणून महादेवाला अभिषेक केला. तेव्हापासून ही चाल पडली. हा सगळा मुलूख खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून नदीच्या पाण्याचं मोल इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. आणि ज्या काठावर ही जत्रा उसळते, त्याच काठानं १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी पूर्णेत सोडलेल्या पाहिल्या. वाघोलीचं गांधीग्राम झालं ते त्यामुळं.

मी जुन्या शहरात वाढलो. वर्षभर वेगवेगळ्या गल्ल्यांत, वेगवेगळ्या पोटापाण्यात विखुरलेले आम्ही त्या एका रात्री पुन्हा एका दांड्याखाली यायचो. शेतात तेव्हा डवरणं, निंदण आटोपत आलेलं असतं, कपाशी गुडघ्याच्या वर गेलेली असते, सोयाबीनला फूल धरलेलं असतं आणि पुढं काय वाढून ठेवलंय ते अजून कुणाला ठाऊक नसतं. भाव पडायचे असतात, अळी यायची असते, परतीचा पाऊस कोसळायचा असतो. त्या सगळ्याच्या आधीची ही एक रात्र. म्हणून सांगतो, कुणी या आनंदाला पोरखेळ म्हटलं तर मला ते सोसत नाही. मित्र दुःखात असताना मजा काय करायची, असं म्हणणारे लोक भले असतात, पण त्यांनी मजा नीट पाहिलेली नसते. वऱ्हाडात आनंद रोज उठून दारात येत नाही. तो सोडणं ही लहान गोष्ट नव्हे.

कावडीचा खांदा कसा बदलतात ते जवळून पाहावं. मागचा माणूस चालता चालता पुढच्याच्या पावलाशी पाऊल मिळवतो. मग जरासा वाकतो, आपला खांदा दांड्याखाली घालतो आणि त्याच्या पाठीवर थाप मारतो. थाप पडली की पहिला गुडघ्यात वाकून बाहेर सरकतो. कावड थांबत नाही. भरण्यांना लावलेली फडकी ओली होत नाहीत. कुणी कुणाला "दमलास का" विचारत नाही, कारण दमलेला माणूस चालीवरूनच कळतो. याच पोरांना मी तिरडीचा खांदा बदलताना पाहिलं आहे. तेच वाकणं, तीच थाप, फक्त घोषणा नाही.

मरणाला आमच्याकडे रीत आहे. गल्लीत मयत झाली की ती उचलेपर्यंत आसपासच्या चुली पेटत नाहीत. संध्याकाळी शेजारच्या घरून पिठलं-भाकर येते. कुणी सांगावं लागत नाही, कुणी आभार मानत नाही. पुढचे दिवस माणसं येऊन बसतात. काही बोलतात, बरीचशी नुसती भिंतीला टेकून असतात. कुणी सुपारी कातरतं, कुणी लहान पोराला मांडीवर घेतं. वर्षातला पहिला सण आला की सोयरे येतात आणि त्या घराला हात धरून सणात आणतात. या दिवसांत "मी पोळ्याला जाऊ की त्याच्याकडे बसू" असा पेच कुणापुढंच उभा राहत नाही. रीतच ठरवते, आणि माणूस तिच्यामागून चालतो.

पण मन मोडण्याला रीत नाही. साक्षगंध मोडलं, परीक्षेत नाव आलं नाही, भावाभावांत भिंत पडली, नोकरीवरून घरी बसवलं, अशा दुःखाला सुतक नाही की तेरवी नाही. त्या घरी पिठलं कुणी न्यायचं? किती दिवस बसायचं? काय म्हणायचं? कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून सगळे दोन दिवस फोन करतात आणि तिसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागतात. खरी निवड इथं सुरू होते. इथं कुणी हात धरून नेत नाही. थांबलात तरी कुणी वाहवा करत नाही, गेलात तरी कुणी नाव ठेवत नाही.

आमच्या कावड मंडळातल्या एकाचं साक्षगंध असंच मोडलं. ढोल त्याच्या गळ्यात असायचा. त्याचा पहिला ठोका पडल्याशिवाय आमची कावड जमिनीवरून उचलली जात नसे. मुलगी अमरावतीची. उन्हाळ्यात साक्षगंध झालं, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरायची असं ठरलं. आणि श्रावणातल्या त्या शेवटच्या आठवड्यात मध्यस्थाकरवी निरोप आला की पुढं जाणं नको. कारण कळलं नाही. कारण कळलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. गल्लीनं मात्र आपापल्या मगदुराप्रमाणं कारणं शोधली आणि ती हळू आवाजात वाटली.

रविवारी दुपारी पोट्टे त्याच्या घराखाली जमले, हाका मारल्या. तो गॅलरीत आला आणि म्हणाला, "तुमी व्हा पुढं." ढोल खाली सोडला, दोरीनं, जपून. तो दुसऱ्या कुणाच्या गळ्यात गेला. ट्रॉली हलली. मी चढलो नाही.

यात काही मोठेपणा होता असं मला वाटत नाही. मला जायचं होतं. ट्रॉली वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा पोटात जे खड्डा पडल्यासारखं झालं ते अजून ओळखीचं आहे. पण दोरीनं ढोल खाली सोडताना त्याचे हात मी पाहिले होते. दोन्ही इच्छा एकाच वेळी खऱ्या होत्या. एक खरी म्हणून दुसरी खोटी होत नाही.

वर त्याच्या खोलीत पत्र्याखाली उकडत होतं. खाटेवर परत पाठवायच्या वस्तू मांडल्या होत्या. अंगठीची लाल डबी, पॅन्टपीस-शर्टपीसचं ताट, टॉवेल-टोपी, नारळ. उद्या-परवा मध्यस्थ न्यायला येणार होता. शर्टपीस उलगडून तो त्यावर वाकला होता. साक्षगंधाच्या दिवशी ताटात ठेवताना त्याच्या घडीवर कुंकवाचं बोट लागलेलं. ओल्या फडक्यानं ते पुसायचं चाललं होतं. कुंकू निघत नव्हतं, पसरत होतं. आधी पेरभर होतं, मग तळव्याएवढा गुलाबी ढग झाला. तो फडकं पिळायचा, पुन्हा घासायचा. "असं कसं वापस करायचं," एवढंच म्हणत होता. मी म्हटलं नाही की राहू दे. मी बादलीतलं पाणी बदलून आणलं, आणि थोड्या वेळानं ते काम त्याच्या हातून माझ्या हाती आलं. कसं आलं ते दोघांनाही कळलं नाही.

"तू कायले थांबला बे?" त्यानं बऱ्याच वेळानं विचारलं.

"पायात गोया आला."

"खोटं कायले बोलतं? जाय न. मले काई नाई झालं."

"जातो."

मी गेलो नाही, आणि त्यानंही पुन्हा म्हटलं नाही. त्याच्या आईनं, काकूंनी, रात्री खिचडी आणून ठेवली. ती खाटेखाली थिजली. मग बरीच रात्र आम्ही दुसरंच काहीतरी बोललो. खताच्या दुकानातल्या उधाऱ्या, शाळेतले मास्तर, कुणाचं शेत कुणी घेतलं. मुलीचं नाव त्यानं घेतलं नाही, मी काढलं नाही. लाइन गेली, पंखा थांबला, आणि तेव्हा लांबून, फार लांबून, वाऱ्यावर ढोलाचा आवाज येऊ लागला. अकोट रोडवरून कावडी शहराकडे सरकत होत्या.

त्या घटकेची मला सगळ्यात जास्त आठवण येते, कारण मित्रासाठी थांबणाऱ्या माणसाची खरी कसोटी तिथं होती. थांबणं सोपं असतं. थांबल्यावर कान खिडकीकडे न लागू देणं अवघड. दुखावलेला माणूस समोरच्याचा चेहरा फार बारकाईनं वाचतो. आपल्यापायी याची रात्र गेली, हे त्याला एकदा दिसलं की त्याच्या दुःखावर आणखी एक ओझं चढतं. मग तोच बिचारा आपली समजूत काढायला लागतो, हसून दाखवतो, "मी बरा आहो" म्हणतो. मित्राला वेळ द्यावा आणि त्याच्या हाती बिलही द्यावं, हे बरोबर नाही. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, चांगली माणसं. पुढं कधी भांडण झालं की ती म्हणतात, "त्या रात्री मी तुझ्यासाठी थांबलो होतो." एवढं एक वाक्य मागची सगळी रात्र पुसून टाकतं. त्यापेक्षा गेलेलं बरं. मनापासून जावं, नाचावं, आणि दुसऱ्या दिवशी मनापासून यावं.

मी त्या आवाजाला उत्तर म्हणून त्यालाच विचारलं, "हे कोणाचं मंडळ?" त्यानं मान तिरपी करून ऐकलं. "डाबकी रोडचं. घाई करून रायले. इतल्या लवकर चाल वाढवली त पोट्टे सकायपावतर टिकत नाई." दोन-तीन दिवसांत एवढं सलग वाक्य त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. मग आम्ही अंधारात बसून एकेक ठेका ओळखत राहिलो. कावड आमच्यापासून सुटली नव्हती, आणि तिच्यात आम्ही नव्हतोही.

सकाळी रस्ता भरून गेला. चहाचे, केळ्यांचे, साबुदाण्याच्या खिचडीचे मंडप लागले. आमची कावड जयहिंद चौकाकडे सरकली तेव्हा ढोल आमच्या खिडकीखाली होता. पत्रा थरथरत होता. आणि लहानपणापासून एकही कावड न चुकवलेला हा माणूस त्या गदारोळात गाढ झोपला होता, तोंड उघडं, एक हात खाटेबाहेर. काकू दारात उभ्या राहून खुणेनं म्हणाल्या, जा आता. मी गेलो. खांदा दिला, मंदिरापर्यंत. संध्याकाळी पोट्टे त्याच्याकडे गेले ते गांधीग्रामची गूळपट्टी घेऊन. कुणी काही विचारलं नाही. ढोलाची एक कडी ढिली झाली म्हणून त्यालाच शिव्या घातल्या, जणू तो वाजवत होता. त्यानं पाना मागितला.

पूर्णेचा विषय निघाला की मला गाडगेबाबा आठवतात. त्यांचं लहानपण याच नदीच्या काठी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी गेलं. १९०५ मध्ये घर सोडलेला हा माणूस अमरावती जिल्ह्यातल्या ऋणमोचनच्या यात्रेत दिसायचा. पौषातल्या रविवारी तिथं पूर्णेवर लोक स्नानाला लोटतात. तेव्हा घाट नव्हता. ओलेत्या बाया, म्हातारी माणसं चिखलात घसरत. यात्रेला आलेल्या हजारोंत बाबा त्या घसरड्या काठाशी उभे राहिले, माणसं वर काढत राहिले, आणि पुढं तिथं घाट झाला. पंढरपूरला वारीत जाऊनही ते देवळात शिरत नसत, वाळवंटात खराटा घेऊन असत. यात्रा त्यांना नकोशी होती म्हणून नव्हे. यात्रेत जो मागं पडतो त्याच्याकडे त्यांचं लक्ष आधी जायचं. आणि मला त्यांची सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट मुंबईतली आहे. दवाखान्यात भरती झालेल्या गरिबाच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा उभारल्या. रोग्याला खाट मिळते, पण त्याच्या उशाशी बसणारा कुठं निजतो, काय खातो, हे पाहणारा माणूस विरळा. सोबत करणाऱ्यालाही सोबत लागते, हे त्या अंगठाछाप म्हणवणाऱ्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

माझी आई अमरावतीची. तिच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट मात्र याच्या अगदी उलट आहे, आणि ती मी मुद्दाम सांगतो, कारण एकच नियम सगळ्यांना लावता येत नाही. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसायची. संध्याकाळी पोरी घरोघरी गाणी म्हणत फिरायच्या, आणि गाणी संपली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. डबा कानाशी हलवायचा. खळखळ वाजलं तर फुटाणे, दबका आवाज आला तर वड्या, काहीच नाही वाजलं तर शिरा. त्या वर्षी आईच्या जिवलग मैत्रिणीची शाळा घरच्यांनी सोडवली होती. ती पोरींत यायची बंद झाली. आई म्हणाली, मीपण नाही जात. तर मैत्रीण चिडली. "तू जाय. न मले येऊन सांग." मग आई रोज जायची, मनसोक्त गायची, आणि परतताना तिच्या मागच्या दारी थांबायची. कुणाचा आवाज फाटला, कुणाच्या घरी काय मिळालं, सगळं सांगायची. आपल्या वाट्याची खिरापत मुठीत धरून तिच्या कानाशी हलवायची. ओळखल्याशिवाय मूठ उघडायची नाही. मुठीतले शेंगदाणे काय वाजणार? तरी ती ओळखायची, म्हणे, वासावरून.

या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात. एकाला थांबलेला माणूस हवा होता, एकीला जाऊन आलेला. कुणाला काय हवं हे आधी ओळखायला लागतं, आणि ते विचारायची लाज वाटू नये. बहुतेक वेळा आपण विचारतच नाही. आपल्याला जे सोयीचं ते त्याच्या भल्याचं मानून मोकळे होतो.

मित्राकडे न जायला निमित्तं तर आता उरलीच नाहीत. अकोल्याहून अमरावतीला जायचं म्हणजे हाडं खिळखिळी, असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो. त्याच रस्त्यावर लोणी ते मूर्तिजापूरच्या पट्ट्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर एकेरी लेनवर १०५ तास ३३ मिनिटांत डांबर घालून झालं आणि ते काम गिनीज बुकात गेलं. रस्ता आता कुणाला अडवत नाही. अडवतो तो हातातला फोन. उदास मित्राजवळ बसलेलं पोरगं अंगठ्यानं गरब्याच्या रील सरकवत असतं. शरीर इथं, डोळे मैदानावर. तो बाजूला बसलेला मित्र ते पाहत असतो आणि काही बोलत नाही. नवी पोरं आमच्याहून निष्ठुर आहेत असं मी मुळीच म्हणणार नाही. आम्हाला खिडकीतून नुसता ढोल ऐकू यायचा. यांना सगळी मिरवणूक हातात धरून बसावं लागतं. ते जास्त कठीण आहे.

गेल्या नवरात्रात अमरावतीहून भाचीचा फोन आला. ती तिथं शिकायला असते. गांधी चौकापासून अंबादेवी-एकवीरेच्या वाटेवर यात्रा भरलेली, मागं पिपाण्यांचा कलकलाट, त्यात तिचा आवाज. खोलीवरच्या मैत्रिणीचा एमपीएससीचा निकाल लागला होता, त्यात नाव नव्हतं. हिच्या पर्समध्ये गरब्याचे पास, घागरा इस्त्री करून ठेवलेला, बाकीच्या पोरी खाली ऑटोत बसून ओरडत होत्या. "मामा, ती म्हणते तू जा. ती खरंच म्हणते का उगाच म्हणते?"

मी म्हटलं, "तू तिथं, मी इथं. मला कसं दिसणार? तिच्या हाताकडे पाहा."

"हाताकडे?"

"म्हणजे ती काय करत आहे?"

भाची थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "पुस्तकांना दोरी बांधून राहिली. रद्दीवाल्याला देते म्हणे." आणि मी काही म्हणायच्या आत फोन ठेवला.

रात्री उशिरा तिचा निरोप आला. फोटो नव्हता, नुसता मजकूर: "पास देऊन टाकले. आम्ही दोघी राजकमलला गिला वडा खाऊन राहिलो. ती अजून रडूनच राहिली, पण दुसरी प्लेट तिनंच सांगितली. पुस्तकं माझ्या पलंगाखाली आहेत, तिला माहीत नाही."